समुदाय प्रतिष्ठानाकडून अनुदान : स्थानिक संस्थांनी कोणती तयारी ठेवावी?

मुंबई : वस्तीतील पाळणाघर, तालुक्याच्या गावातील अभ्यासिका, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीचे दिवसभराचे केंद्र, अशी कामे करणाऱ्या छोट्या स्थानिक संस्थांना निधी मिळविण्याचे मार्ग गेल्या काही वर्षांत अरुंद झाले आहेत. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास २०२० पासून कायद्याने मनाई आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी स्वतंत्र नोंदणी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. अशा स्थितीत ज्या शहरात किंवा प्रदेशात काम चालते, तेथूनच उभा राहिलेला पैसा महत्त्वाचा ठरतो. असा पैसा एकत्र करून स्थानिक संस्थांना अनुदानाच्या रूपाने देणारी यंत्रणा म्हणजे ‘कम्युनिटी फाउंडेशन’, अर्थात समुदाय प्रतिष्ठान.

भारतात अशा प्रतिष्ठानांची संख्या मोठी नाही आणि त्यांच्याकडे अर्ज कसा करावा, याची माहिती छोट्या संस्थांपर्यंत क्वचितच पोहोचते. अनेक अर्ज काम चांगले असूनही कागदपत्रांतील त्रुटीमुळे, अपुऱ्या अंदाजपत्रकामुळे किंवा चुकीच्या दाराशी गेल्यामुळे मागे पडतात. अर्जाची प्रक्रिया, त्यामागील कायदेशीर चौकट आणि हिशेबाची बाजू समजून घेतल्यास या अडचणींपैकी बऱ्याच टाळता येतात.

समुदाय प्रतिष्ठान म्हणजे काय?

समुदाय प्रतिष्ठानाची कल्पना अमेरिकेतील ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात १९१४ मध्ये प्रत्यक्षात आली. फ्रेडरिक गॉफ या बँक व्यवस्थापकाने तेथे क्लीव्हलँड फाउंडेशनची स्थापना केली. श्रीमंत व्यक्ती मृत्युपत्राद्वारे एखाद्या विशिष्ट कारणासाठी पैसा ठेवून जात. काही दशकांनी ते कारणच उरत नसे आणि पैसा मात्र अडकून पडे. अनेकांच्या देणग्या एका न्यासात एकत्र ठेवाव्यात आणि त्या-त्या काळातील शहराची गरज पाहून नागरिकांच्या समितीने त्यांचा विनियोग ठरवावा, हा त्यावरचा उपाय होता. पुढे ही पद्धत अनेक देशांत रुजली.

भारतात मुंबई शहराच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ हा न्यास १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. ईशान्य भारतासाठी गुवाहाटी येथून ‘फाउंडेशन फॉर सोशल ट्रान्सफॉर्मेशन’ ही संस्था याच धर्तीवर काम करते.

अन्य दात्यांपासून ही प्रतिष्ठाने दोन बाबतींत वेगळी असतात. सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) किंवा सर दोराबजी टाटा ट्रस्ट (१९३२) यांसारख्या न्यासांची उभारणी एका कुटुंबाच्या संपत्तीतून झाली. समुदाय प्रतिष्ठानाचा पैसा अनेक लहानमोठ्या देणगीदारांकडून येतो. दुसरे म्हणजे त्यांचे कार्यक्षेत्र एखादे शहर, जिल्हा किंवा प्रदेश असते. आरोग्य, शिक्षण, पर्यावरण असे विषय त्यात एकत्र नांदतात; भूगोल मात्र ठरलेला असतो. अर्जदारासाठी याचा अर्थ सरळ आहे. ज्यांच्या देणगीतून अनुदान द्यायचे, ते लोक त्याच शहरात राहतात. त्यांना आकडे तपासता येतात, केंद्राला भेट देता येते आणि संस्थेविषयी शेजारीपाजारी विचारताही येते. त्यामुळे भारदस्त भाषेपेक्षा पडताळून पाहता येईल अशा स्थानिक माहितीला येथे अधिक किंमत असते.

योग्य दार कसे शोधावे?

अर्ज लिहिण्याआधी प्रतिष्ठानाचे मागील दोन-तीन वार्षिक अहवाल वाचणे हे पहिले काम. कोणत्या भागातील संस्थांना, कोणत्या विषयांसाठी आणि साधारण किती रकमेची अनुदाने दिली गेली, हे त्यातून कळते. ज्या प्रतिष्ठानाची अनुदाने दोन-तीन लाखांच्या घरात असतात, त्याच्याकडे पंचवीस लाखांचा प्रस्ताव पाठविणे म्हणजे दोन्ही बाजूंचा वेळ दवडणे होय.

अनेक प्रतिष्ठानांत देणगीदारांनी ठेवलेले नामनिर्देशित निधी असतात. एखाद्या कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ मुलींच्या शिक्षणासाठी रक्कम ठेवलेली असते, तर एखाद्या कंपनीचे कर्मचारी दरमहा पगारातून ठरावीक वाटा देत असतात. आपले काम यांपैकी कोणत्या निधीत बसते, हे प्रतिष्ठानाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. असा प्रश्न विचारणे गैर मानले जात नाही. उलट चुकीचा अर्ज तपासण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात.

बहुतेक जिल्ह्यांत समुदाय प्रतिष्ठान या नावाची संस्था सापडणार नाही. तेथे त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्या व्यवस्था शोधाव्या लागतात : शहरातील नागरिकांनी मिळून चालविलेले देणगी गट, स्थानिक उद्योगसमूहांचे न्यास, कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून चालणारे निधी. तयारी आणि कागदपत्रे जवळपास सारखीच लागतात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळे आणि संस्थांनी एक बाब ध्यानात ठेवावी. इंदूर, वडोदरा, बेळगाव किंवा हैदराबाद येथील संस्थेची पात्रता तेथील रहिवाशांसाठी ती काय करते, यावर ठरते. वाचनालय मराठी मंडळाचे असले तरी ते परिसरातील सर्व मुलांना खुले असेल, तर ते प्रस्तावात ठळकपणे मांडले पाहिजे. ज्ञातिसंस्थांसाठी तर हा कायद्याचाच प्रश्न आहे. विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला देणगीदारांसाठीची ८०जी सवलत मिळत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठीच्या संस्था या बंधनातून वगळल्या आहेत.

कागदपत्रे : पहिली चाळणी

प्रतिष्ठान प्रथम संस्थेची कायदेशीर ओळख तपासते. संस्था सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी, यांपैकी एका स्वरूपात नोंदलेली असावी लागते. राज्यागणिक कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागू आहे आणि १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालील संस्थांनाही धर्मादाय आयुक्त कार्यालयात न्यास म्हणून नोंद करावी लागते. कर्नाटकात १९६० चा, मध्य प्रदेशात १९७३ चा आणि तेलंगणात २००१ चा स्वतंत्र सोसायटी कायदा आहे.

महाराष्ट्रातील संस्थांच्या बाबतीत वारंवार आढळणारी अडचण विश्वस्तांच्या नोंदीची आहे. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात अनेक संस्थांचे असे अर्ज वर्षानुवर्षे दाखलच झालेले नसतात किंवा प्रलंबित असतात. परिणामी धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकमध्ये, निवृत्त किंवा दिवंगत विश्वस्तांची नावे राहतात आणि बँकेच्या व्यवहारांवर सह्या मात्र दुसऱ्याच व्यक्ती करतात. अनुदानाचा करारनामा कोणाच्या सहीने करायचा, असा प्रश्न प्रतिष्ठानापुढे उभा राहतो. बदल अर्ज प्रलंबित असल्यास तो लपवू नये. दाखल केल्याची पोच आणि विश्वस्त मंडळाचा ठराव प्रस्तावासोबतच जोडावा.

दुसरी चाळणी आयकराची. १२ए आणि ८०जी या नावांनी परिचित असलेल्या नोंदण्या २०२१ पासून कायमस्वरूपी राहिलेल्या नाहीत. जुन्या संस्थांना त्या वेळी पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी मिळाली आणि त्यांपैकी अनेकांची मुदत ३१ मार्च २०२६ अखेरची होती. नव्या संस्थांना आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. २०२५ च्या अर्थसंकल्पातील बदलानुसार, आधीच्या दोन वर्षांपैकी प्रत्येक वर्षी ज्यांचे उत्पन्न पाच कोटी रुपयांपेक्षा अधिक नव्हते, अशा छोट्या संस्थांच्या १२ए नोंदणीची मुदत दहा वर्षे करण्यात आली. ८०जीची मुदत स्वतंत्रपणे पाहावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. दाते मात्र अजून जुन्याच नावांनी कागद मागतात. जुने प्रमाणपत्र आणि नूतनीकरणाचा ताजा आदेश दोन्ही एकत्र ठेवणे सोयीचे ठरते.

याखेरीज पॅन, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरील ओळख क्रमांक, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर विवरणपत्रांच्या पोचपावत्या, न्यासपत्र किंवा घटना व नियमावली, विश्वस्तांची यादी आणि बँक खात्याचा तपशील सहसा मागितला जातो. निधी एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व तरतुदीतून येत असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणीही लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ नुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थांकडे बालसंरक्षण धोरण मागण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

नोंदणी नसलेल्या महिला मंडळांना किंवा युवक गटांना थेट अनुदान मिळणे अवघड असते. त्यांनी त्याच परिसरातील नोंदणीकृत संस्थेमार्फत उपक्रम राबविण्याचा प्रस्ताव द्यावा. मात्र पैसा कोणाच्या खात्यात येणार, खर्चाचा अधिकार कोणाला आणि हिशेब कोण देणार, हे दोन्ही बाजूंनी लेखी ठरवून घेतले पाहिजे. तोंडी समजुतीवर चाललेले असे उपक्रम पहिल्याच हप्त्यानंतर वादात सापडतात.

पैसा कोठून येतो, हे विचारणे का गरजेचे?

प्रतिष्ठानाकडे असलेला सर्व पैसा एकाच प्रकारचा नसतो. विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० मध्ये सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी मिळालेली संस्था तो अन्य कोणत्याही संस्थेला हस्तांतरित करू शकत नाही, मग त्या संस्थेची स्वतःची विदेशी अंशदान नोंदणी असली तरीही. पूर्वी मोठी संस्था परदेशी अनुदान घेऊन खेड्यापाड्यांतील दहा-वीस छोट्या संस्थांना वाटून देत असे. ती साखळी या दुरुस्तीने तुटली. समुदाय प्रतिष्ठान स्थानिक संस्थेला जे अनुदान देते ते देशांतर्गत पैशातूनच द्यावे लागते.

परदेशस्थ मराठी मंडळींच्या देणग्यांबाबत यातून गोंधळ होतो. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान मानली जात नाही. देणगीदाराने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर मात्र ती परदेशी अंशदान ठरते, मूळ गाव महाराष्ट्रात असले तरीही. छोट्या संस्थेने अशी रक्कम विदेशी अंशदान नोंदणीविना स्वीकारल्यास कायद्याचा भंग होतो.

दुसरा नियम प्रतिष्ठानाच्या हिशेबाशी निगडित आहे. त्याचा परिणाम अर्जदारावर होतो. करसवलत टिकविण्यासाठी न्यासाला साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी केवळ ८५ टक्केच रक्कम असा खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे प्रतिष्ठानाने सहा लाख रुपयांचे अनुदान दिले, तर त्याच्या हिशेबात पाच लाख दहा हजारच मोजले जातात. कायमनिधीसाठी दिलेली देणगी तर अजिबात मोजली जात नाही. भविष्यातील विशिष्ट कामासाठी बाजूला काढून ठेवलेले उत्पन्नही दुसऱ्या न्यासाला देता येत नाही. त्यामुळे कायमनिधीसाठी केलेली मागणी प्रतिष्ठानाला मान्य करणे अवघड जाते. ठरावीक मुदतीच्या कार्यक्रमासाठीचा प्रस्ताव त्यांना सोयीचा ठरतो.

अंदाजपत्रक : खरी परीक्षा येथे

कागदपत्रे योग्य असतील तर अर्ज समितीपुढे जातो. तेथे सर्वाधिक वेळ अंदाजपत्रकावर जातो. एका काल्पनिक उदाहरणाने ही बाब स्पष्ट होईल.

समजा, मुंबईतील मानखुर्दच्या एका वस्तीत घरकाम करणाऱ्या महिलांच्या २५ मुलांसाठी एक संस्था पाळणाघर चालविते. वर्षाचा खर्च असा आहे : दोन पूर्णवेळ सेविकांचे मानधन प्रत्येकी दरमहा १४,००० रुपयांप्रमाणे ३,३६,०००, खोलीचे भाडे दरमहा १२,००० प्रमाणे १,४४,०००, आहार प्रत्येक मुलामागे दिवसाला ३० रुपये, महिन्याचे २५ दिवस, याप्रमाणे २,२५,०००, आरोग्य तपासणी व खेळसाहित्य ३५,०००, अर्धवेळ समन्वयकाचे मानधन दरमहा १०,००० प्रमाणे १,२०,०००, हिशेब व लेखापरीक्षण ४०,००० रुपये. एकूण ९,००,००० रुपये. प्रत्येक मुलामागे महिन्याला ३,००० रुपये.

पालकांकडून प्रत्येकी दरमहा ४०० रुपये घेतले जातात. त्यातून वर्षाला १,२०,००० जमतात. परिसरातील दुकानदार व हितचिंतक मिळून दरमहा सरासरी १५,००० देतात, त्याचे १,८०,०००. उरलेल्या ६,००,००० रुपयांसाठी प्रतिष्ठानाकडे अर्ज करायचा आहे.

या मांडणीत समितीला तीन गोष्टी दिसतात. पहिली, पालक स्वतः वाटा उचलतात, म्हणजे सेवा त्यांना हवी आहे. दुसरी, वस्तीतील लोकांनी पैसा दिला आहे. संस्थेविषयी याहून चांगले शिफारसपत्र नसते. तिसरी, समन्वयक, हिशेब आणि लेखापरीक्षण यांचा खर्च उघड दाखविला आहे. हा प्रशासकीय खर्च लपविण्याचा मोह अनेक संस्थांना होतो. तो शून्य दाखविल्याने प्रस्ताव आकर्षक होत नाही. हिशेब कोण ठेवणार, असा प्रश्न मात्र निर्माण होतो. मग तो खर्च आहाराच्या किंवा साहित्याच्या रकमेतून भागविला जातो आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षणात उघडा पडतो.

मानधनाचा आकडा किमान वेतनाशी पडताळून घ्यावा. महिलांच्या सबलीकरणाचा प्रस्ताव मांडणारी संस्था आपल्याच सेविकांना अत्यल्प मोबदला देत असेल, तर ती विसंगती समितीच्या नजरेतून सुटत नाही.

हप्त्यांची तारीख आणि सेविकांचा पगार

अनुदान एकरकमी क्वचित मिळते. वरील उदाहरणात तीन-तीन लाखांचे दोन हप्ते ठरले आणि दुसरा हप्ता सहामाही अहवालानंतर द्यायचे ठरले, असे मानू. दरमहा खर्च ७५,००० रुपये. पहिल्या सहा महिन्यांत ४,५०,००० रुपये खर्च होतात. जमेच्या बाजूला पहिला हप्ता ३,००,०००, पालकांचे ६०,००० आणि स्थानिक देणग्यांचे ९०,०००, म्हणजे बरोबर ४,५०,००० रुपये. सप्टेंबरअखेर शिल्लक शून्य.

त्यानंतर अहवाल तयार होणार, लेखापालाचे प्रमाणपत्र येणार, प्रतिष्ठान ते तपासणार आणि समितीची बैठक होणार. यात दोन महिने गेले तरी १,००,००० रुपयांची तूट पडते, कारण त्या काळात दरमहा ७५,००० खर्च होत असताना जमा केवळ २५,००० होते. ही तूट बहुतेक वेळा सेविकांचा पगार थांबवून भागविली जाते. कर्ज काढण्याचा मार्गही सोपा नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना न्यासासाठी कर्ज घेता येत नाही. पगार थांबला की सेविका दुसरे काम शोधते, पाळणाघर बंद पडते आणि आईला मूल शेजारणीकडे किंवा मोठ्या बहिणीच्या भरवशावर ठेवावे लागते. त्या बहिणीची शाळाही मग सुटते.

हे टाळण्याचा मार्ग करारावर सही होण्यापूर्वीच असतो. पहिला अहवाल चौथ्या महिन्याअखेर द्यावा आणि दुसरा हप्ता सहाव्या महिन्याअखेर मिळावा, अशी मागणी प्रस्तावातच करता येते. सोबत महिनावार रोकड तक्ता जोडला तर मागणीचे कारण आकड्यांतच दिसते. अनेक संस्था दात्यापुढे अटींविषयी बोलण्यास संकोचतात. प्रतिष्ठानाच्या दृष्टीने मात्र मध्येच बंद पडलेला उपक्रम हाच अधिक तोट्याचा असतो. देणगीदारांना उत्तर त्यालाच द्यायचे असते.

प्रस्तावात काय लिहावे?

बहुतेक ठिकाणी आधी एक-दोन पानांचे संकल्पना टिपण मागितले जाते. ते पसंत पडल्यास सविस्तर प्रस्ताव, त्यानंतर प्रत्यक्ष भेट आणि शेवटी समितीचा निर्णय असा क्रम असतो. टिपण मराठीत किंवा स्थानिक भाषेत चालेल का, हे विचारून घ्यावे. नकार मिळाला तरी विचारण्यात तोटा नाही. होकार मिळाल्यास काम करणाऱ्या व्यक्तीलाच ते स्वतःच्या शब्दांत लिहिता येते.

टिपणात पाच प्रश्नांची उत्तरे असावीत : अडचण कोणाची आहे, ती संस्थेला कशी कळली, संस्था नेमके काय करणार, त्याला किती खर्च येईल आणि काम झाले हे कशावरून समजेल. ‘शहरात कुपोषण ही गंभीर समस्या आहे’ अशा वाक्याने समितीला नवे काही कळत नाही. ‘वस्तीतील या दोन चाळींत सहा वर्षांखालील इतकी मुले आहेत, त्यांपैकी इतक्यांच्या आया सकाळी सातपूर्वी कामावर जातात, सर्वांत जवळची अंगणवाडी इतक्या अंतरावर असून ती दुपारी बंद होते’ ही माहिती आठवडाभर घरोघरी फिरून जमविता येते. सार्वजनिक व्यवस्था कोठे अपुरी पडते, हेही त्यातून दिसते. सरकारी योजनेतून मिळू शकणाऱ्या सेवेसाठी पैसा मागितला जात नाही ना, हे प्रतिष्ठान हटकून पाहते.

फलनिष्पत्तीचे दावे बेताचे असावेत. एका वर्षाच्या पाळणाघरातून वस्तीतील दारिद्र्य हटणार नाही. किती मुले वर्षातील किती दिवस आली, किती मुलांचे वजन वयानुसार वाढले, किती महिलांना कामाचे तास वाढविता आले, एवढे मोजता आले तरी पुरेसे आहे. जे मोजायचे त्याची आजची स्थिती प्रस्तावासोबतच नोंदवावी, अन्यथा वर्षअखेरीस तुलनेला आधार राहत नाही.

एकाच शहरात प्रतिष्ठानाचे विश्वस्त आणि संस्थेचे पदाधिकारी परस्परांना ओळखत असण्याची, कधी नात्यात असण्याचीही शक्यता असते. असे संबंध प्रस्तावातच लेखी कळवावेत, म्हणजे संबंधित विश्वस्ताला निर्णयातून बाजूला राहता येते. ही बाब नंतर उघड झाल्यास अनुदान आणि नाव, दोन्ही जाण्याची भीती असते.

प्रत्यक्ष भेट आणि त्यानंतर

भेटीच्या दिवशी पाळणाघर रोजच्यासारखे चालू ठेवावे. पाहुण्यांसाठी सत्कार आणि गाण्यांचा कार्यक्रम आयोजित केल्यास सेविका आणि पालक यांच्याशी बोलण्याचा वेळ वाया जातो. उपस्थितीपत्रक, खर्चाच्या पावत्या, रोकडवही आणि विश्वस्त सभांचे इतिवृत्त टेबलावर असावे. पालकांपैकी कोणी तक्रार केली तर पदाधिकाऱ्यांनी मध्ये बोलू नये. त्या तक्रारीवर संस्था काय करते, हेच भेट देणाऱ्यांना पाहायचे असते.

अनुदान मंजूर झाल्यावर करारनामा सर्व विश्वस्तांनी वाचावा. अखर्चित रक्कम परत करावी लागेल का, एका शीर्षकातील पैसा दुसऱ्यावर खर्च करण्यास किती मुभा आहे, खरेदी केलेल्या वस्तूंची मालकी कोणाकडे राहील, मुलांची छायाचित्रे कोणाच्या संमतीने वापरली जातील, हे मुद्दे त्यात स्पष्ट असावेत. अनुदानाचा हिशेब स्वतंत्र खातेवहीत ठेवावा. शक्य तेथे देयके बँकेमार्फतच द्यावीत. स्थानिक देणग्यांबाबतही काळजी आवश्यक आहे : २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला ८०जी सवलत मिळत नाही, त्यामुळे मोठी रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन घेणे दोघांच्याही हिताचे.

ठरल्याप्रमाणे काही घडले नाही, तर ते अहवालाची वाट न पाहता कळवावे. २५ ऐवजी १८ मुलेच आली, कारण वस्तीचा एक भाग पुनर्वसनासाठी हलविला गेला, हे तिसऱ्या महिन्यात कळविल्यास अंदाजपत्रक बदलता येते. तेच बाराव्या महिन्यात कळविल्यास रक्कम परत करण्याची वेळ येते.

अर्ज नाकारला गेल्यास?

नकार मिळाल्यावर कारण विचारावे. कागदपत्रांतील त्रुटी असेल तर ती काही महिन्यांत दूर होते. विषय त्या वर्षीच्या प्राधान्यात नसेल तर पुढील फेरीची तारीख विचारून ठेवावी. संस्था फार नवी वाटल्याचे सांगितले गेले, तर कमी रकमेचा, तीन-चार महिन्यांचा प्रस्ताव देता येईल का, हा प्रश्न योग्य ठरतो. छोटे अनुदान वेळेत खर्च करून त्याचा चोख हिशेब दिला, तर त्याच प्रतिष्ठानाकडे दुसरा अर्ज करताना संस्थेची ओळख नव्याने पटवावी लागत नाही.

मंजुरी मिळालेल्या संस्थेसाठीही एक वर्षाचे अनुदान ही मुदतीची सोय असते. पाळणाघराच्या उदाहरणात एकूण खर्चापैकी दोन तृतीयांश रक्कम एकाच दात्याकडून येते. तो दाता पुढील वर्षी थांबला तर केंद्र चालणार नाही. त्यामुळे अनुदानाच्या पहिल्या सहामाहीतच पुढच्या वर्षाची जुळवाजुळव सुरू करणे आवश्यक आहे : दरमहा देणाऱ्या स्थानिक देणगीदारांची संख्या वाढविणे, शासनाच्या पाळणाघर योजनेसाठी पात्रता तपासणे आणि दुसऱ्या दात्याकडे टिपण पाठविणे. प्रतिष्ठानाला दिलेला अहवाल या प्रत्येक ठिकाणी सोबत जोडता येतो.

विश्वस्तांची नोंद अद्ययावत करणे, आयकर नोंदणीची मुदत तपासणे, तीन वर्षांचे ताळेबंद एका फाइलमध्ये लावणे आणि महिनावार खर्चाचा तक्ता तयार करणे, ही कामे कोणत्याही दात्याची जाहिरात येण्यापूर्वी करता येतात. अर्जाची मुदत सहसा काही आठवड्यांचीच असते. बदल अर्ज मंजूर होण्यास किंवा नोंदणीचे नूतनीकरण होण्यास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.